तळ्याकाठचा प्लॉट: पन्नास मीटर मोजायचे कुठून?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोलताना येणारं 'म्हणजे', 'काय आहे ना' बरंचसं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याच एका प्रश्नावरून घेतलाय. वेगवेगळ्या शब्दांत तो मला पुन्हा पुन्हा विचारला जातो: "तळ्यापासून किती अंतर सोडून प्लॉट घेतला तर पुढं लफडं होत नाही?" कुणी पन्नास मीटर म्हणतं, कुणी तीस. प्लॉट दाखवणारा एजंट म्हणतो, "दादा, इथं असला काही नियमच लागू नाही."

गंमत अशी की एजंटचं बोलणं बऱ्याचदा अर्धं खरं असतं. आणि माणूस फसतो तो अर्ध्या खऱ्यातच. म्हणून आज आपण हा नियम नीट उलगडून बघू: तो काय म्हणतो, आपल्या सिल्लोडसारख्या भागात तो कुठं गळतो, आणि घरंही व्हावीत, तळंही राहावं यासाठी काय करता येईल.

घरही पाहिजे, पाणीही पाहिजे

सुरुवातीलाच सांगतो, हा भाग बांधकामाच्या विरोधातला नाही. सिल्लोडला मुलांच्या शाळेसाठी, दुकानासाठी, बाजारासाठी आजूबाजूच्या गावांतून लोक राहायला येतात. संभाजीनगर–जळगाव रस्त्याला लागून जागा घ्यायची तर भाव ऐकूनच माणूस मागं फिरतो. मग तो आत सरकतो. आत जाता जाता जिथं जागा स्वस्त मिळते ती खोलगट असते, नाल्याला लागून असते, नाहीतर एखाद्या तळ्याच्या वरच्या अंगाला असते. स्वस्त असण्याचं कारण तेच असतं, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही.

दुसरीकडं, आपल्या नळाला येणारं पाणी पालोदच्या खेळणा प्रकल्पातून येतं. म्हणजे ज्या माणसाला स्वस्त प्लॉट पाहिजे त्यालाच साठवलेलं पाणीही पाहिजे. भांडण दोन गटांचं नाही, एकाच घरातल्या दोन गरजांचं आहे.

आता तळ्याभोवती मोकळी पट्टी, म्हणजे बफर, कशाला सोडायची? तिची तीन साधी कामं आहेत. एक, पावसाच्या पाण्याबरोबर येणारी माती आणि कचरा काठावरच्या गवतात, झुडपांत अडकतो, त्यामुळं तळं लवकर गाळानं भरत नाही. दोन, घरांच्या सेप्टिक टँकचं आणि शोषखड्ड्याचं पाणी थेट तळ्यात झिरपत नाही. आपल्याकडं गटार योजना सगळीकडं पोहोचलेली नाही, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. तीन, ज्या वर्षी जोराचा पाऊस होतो त्या वर्षी पाण्याला पसरायला जागा लागते. ती मोकळी पट्टी नसेल तर पाणी ओसरीत येतं.

नियम काय म्हणतो

देशपातळीवरचा मुख्य नियम म्हणजे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७. तो २६ सप्टेंबर २०१७ ला निघाला, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली. त्यात पाणथळ जागेवर काय करायचं नाही याची यादी आहे: भराव टाकून दुसऱ्या कामाला वापरायची नाही, कारखाना टाकायचा नाही, कचरा टाकायचा नाही, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायचं नाही. आणि त्यातच तो प्रसिद्ध पन्नास मीटरचा नियम आहे: पन्नास मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम नाही, फक्त बोटीच्या धक्क्याला सूट.

इथपर्यंत सगळं ठीक. आता तीन गळत्या बघू.

गळती पहिली: आपली बहुतेक तळी व्याख्येतच बसत नाहीत

याच नियमात पाणथळ जागेची व्याख्या आहे, आणि तिच्यातून काही गोष्टी वगळल्यात. नदीचं पात्र वगळलंय. भातशेती वगळलीय. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय वगळलेत. सिंचन, मत्स्यशेती, मीठ, करमणूक यासाठी खास बांधलेली कामंही वगळलीत.

आता डोळ्यांसमोर आपला तालुका आणा. आपल्याकडं नैसर्गिक सरोवरं किती आहेत? दख्खनच्या काळ्या पाषाणावरचा हा मुलूख. इथं पाणी दिसतं ते माणसानं अडवलेलं. खेळणासारखे प्रकल्प, लघुसिंचन तलाव, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे. म्हणजे ज्या पाण्यावर मराठवाडा जगतो, त्यातल्या बहुतेकाला देशाचा पाणथळ नियम 'हे आमच्यात नाही' म्हणतो. एजंट जे अर्धं खरं बोलतो, ते हे.

राहिलेलं अर्धं असं की हा नियम लागू नाही म्हणजे कुठलाच नियम लागू नाही, असं होत नाही. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० मध्ये आली. ती नदी-नाल्यापासून अंतर सोडायला लावते. नदीकाठी पूररेषा असतात: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नाही, दोन्हींच्या मध्ये अटी घालून. शिवाय धरणाचं बुडीत क्षेत्र सरकारनं संपादित केलेलं असतं. पाणी आटल्यावर ती जमीन कोरडी दिसते, तिच्यात गाळपेर पिकंही निघतात, पण ती विकायला कुणाच्या बापाची नसते.

गळती दुसरी: यादीत नाव आहे की नाही

२०१७ चा नियम दोन प्रकारच्या जागांना थेट लागतो. एक, रामसर करारातल्या जागा. आपल्या राज्यात नांदूरमधमेश्वर २०१९ मध्ये, लोणार २०२० मध्ये, ठाणे खाडी २०२२ मध्ये त्या यादीत आल्या. दोन, केंद्रानं किंवा राज्यानं अधिसूचना काढून जाहीर केलेल्या पाणथळ जागा. अधिसूचनाच निघाली नसेल तर?

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं सुनावणी चाललीय. इस्रोनं उपग्रहातून सव्वादोन हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण साडेपाच एकरांपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा नोंदवल्या होत्या. २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की अधिसूचनेची वाट न बघता या सगळ्यांना जुन्या नियमांच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्या. नंतरच्या नकाशावहीत हा आकडा २,३१,१९५ झाला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं राज्यांना पुन्हा बजावलं: प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करा, हद्द आखा.

पण उपग्रहाला तळं दिसतं, ते कशासाठी बांधलंय ते दिसत नाही. त्याच्या यादीत धरणं आणि तलावही आहेत, नियमाच्या व्याख्येत मात्र नाहीत. यादी एक सांगते, व्याख्या दुसरं. या फटीतच प्लॉटिंग होतं.

मोठ्या शहरात या फटीतून काय होतं ते नवी मुंबईत बघा. सीवूड्सच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि निवासी बांधकामाला वाट करून देणारा जमीन वापरातला बदल मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केला, आणि प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. जवळच्याच डीपीएस तलावावर २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं तो संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. तिथं फ्लेमिंगो होते, कॅमेरे होते, कोर्टात जाणारे लोक होते. आपल्या पाझर तलावावर बगळे असतात, आणि कॅमेरा फक्त रील काढणाऱ्याचा.

गळती तिसरी: सरासरी

ही गळती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

पन्नास मीटर मोजायचे कुठून? नियम म्हणतो, आधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून. ती दहा वर्षं कुठली? नियम लागू झाल्यापासून मागची. म्हणजे २००७ ते २०१७.

मराठवाड्याला ही वर्षं आठवत असतील. २०१२-१३ चा दुष्काळ. मग २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आता अशा दहा वर्षांची सरासरी काढली तर रेषा कुठं येईल? अर्थातच खाली.

एक मनातलं तळं घेऊन हिशोब करू. हा आकडा कुठल्याही खऱ्या तळ्याचा नाही, फक्त समजण्यासाठी. समजा तळं काठोकाठ भरलं की पाणी १० मीटर उंचीवर येतं. दहा वर्षांतली तीन वर्षं ते काठोकाठ भरलं, सात वर्षं ५ मीटरपर्यंतच आलं. सरासरी झाली ६.५ मीटर. भरलेल्या रेषेपेक्षा साडेतीन मीटर खाली.

साडेतीन मीटर म्हणजे फार वाटत नाही. पण आपल्याकडचा उतार सपाट असतो. काठाला ५० मीटर चालल्यावर १ मीटर चढ असेल, तर साडेतीन मीटर उंचीचा फरक जमिनीवर १७५ मीटर होतो. आता त्या सरासरी रेषेपासून नियमाचे ५० मीटर सोडा. आपण कुठं पोहोचलो? भरलेल्या तळ्याच्या १२५ मीटर आत! कागदावर बफरच्या बाहेर, आणि चांगल्या पावसात डोक्यावरून पाणी.

आणि चांगला पाऊस येतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यानं बघितलं, जिथं आधी टँकर फिरत होते तिथं बोटी फिरल्या.

म्हणून माझं या भागातलं मुख्य म्हणणं एवढंच: दुष्काळी मुलखात बफर किती मीटरचं यावर भांडण्याआधी ते कुठल्या रेषेपासून मोजायचं हे ठरवलं पाहिजे. आणि ती रेषा भरलेल्या तळ्याचीच असली पाहिजे. सांडव्यावरून पाणी वाहायला लागतं ना, ती पातळी. जलसंपदावाले तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात. ती दरवर्षी बदलत नाही, सांडव्याच्या उंचीनंच ठरलेली असते.

शेजारच्या हैदराबादकडून काय शिकायचं

ही कल्पना काही माझ्या डोक्यातली नाही. आपण सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होतो, त्याच दख्खनच्या पठारावर हैदराबाद शहर आहे आणि तिथली तळीही माणसानं बांधलेलीच. तिथं मोजमाप सरासरीवरून होत नाही, पूर्ण भरलेल्या पातळीवरून होतं. १० हेक्टर आणि त्याहून मोठ्या तळ्याला ३० मीटर बफर, लहान तळ्याला ९ मीटर. तळं बांधलेलं आहे की नैसर्गिक, हा वादच नाही.

मग तिथं सगळं छान झालं का? नाही. नियम चांगला, पण रेषा जमिनीवर आखायला उशीर झाला. तोवर घरं झाली, रजिस्ट्री झाली, बँकेची कर्जं झाली. जुलै २०२४ मध्ये हायड्रा नावाची यंत्रणा उभी राहिली आणि पाडापाडी सुरू झाली. ऑगस्टमध्ये तम्मिडीकुंटा तळ्यावरचं एन कन्व्हेन्शन हे मोठं सभागृह पाडलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सप्टेंबरमध्ये साध्या कुटुंबांच्या घरांवर मशीन आली तेव्हा टाळ्या थांबल्या. शेवटी यंत्रणेला जाहीर करावं लागलं की लोक राहत असलेली घरं पाडणार नाही.

बेंगळुरूची गोष्ट वेगळी. तिथं आराखड्यात तळ्याला ३० मीटर होते. हरित न्यायाधिकरणानं २०१६ मध्ये ते ७५ केले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण कायद्यानं मंजूर झालेला आराखडा न्यायाधिकरणाला बदलता येत नाही. परत ३० मीटर. तीन वर्षं तळ्यापासून ४० मीटरवर फ्लॅट घेणाऱ्याला आपलं घर नियमात आहे की नाही हेच कळत नव्हतं.

दोन्ही शहरांत मार बसला तो शेवटच्या खरेदीदाराला. जमीन विकणारा पैसे घेऊन गेला, प्लॉट पाडणारा पुढच्या गटात गेला, आणि हप्ते भरणारा तिथंच राहिला.

मग तोल कसा साधायचा?

आता दुसरी बाजूही ऐका. तळ्याला लागून एखाद्याची एक हेक्टर जमीन आहे, १०० मीटर बाय १०० मीटर, एक बाजू पाण्याकडं. ५० मीटर बफर लावलं तर अर्धी जमीन गेली, आणि तिचा मोबदला हा नियम देत नाही. त्या शेतकऱ्यानं मुलीच्या लग्नासाठी, नाहीतर कर्ज फेडायला ती जमीन काढली असेल. त्याला 'पर्यावरणासाठी सोड' म्हणणं सोपं नाही, आणि न्याय्यही नाही.

पण हिशोब जरा वेगळा मांडून बघा. मंजूर लेआउटमध्ये ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या जमिनीला १० टक्के मोकळी जागा तशीही सोडावी लागते. लेआउटमध्ये ती कुठं दिलेली असते? कोपऱ्यात, त्रिकोणी, विकत न जाणारा तुकडा. तीच १० टक्के जागा पाण्याच्या बाजूला सलग पट्टी करून दिली तर आपल्या हेक्टरमध्ये १० मीटर रुंद पट्टी होते. हैदराबादचं लहान तळ्याचं ९ मीटर बफर तिच्यात जवळजवळ फुकटात बसतं! मालकाचा एकही जादा प्लॉट जात नाही, रहिवाशांना चालायला जागा मिळते, तळ्याला श्वास मिळतो.

मोठ्या तळ्याला ३० मीटर धरलं तरी १० टक्के मोकळ्या जागेतून भागतात, जादा नुकसान २० टक्क्यांचं. त्यावर बोलणी होऊ शकते: त्या पट्टीत शेती, फळझाडं, रोपवाटिका चालू दे, कारण बंदी पक्क्या बांधकामाला हवी, जमीन वापरायला नाही.

हे सगळं होतं फक्त मंजूर लेआउटमध्ये. खरी भानगड गुंठेवारीत आहे. तिथं मोकळी जागाच सोडलेली नसते, नाला पाइपात घातलेला असतो, नाहीतर बुजवलेला. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाट दिली. माणसांना आधार देणं बरोबरच आहे. पण प्रत्येक वेळी 'पुढं नियमित होईलच' हा निरोपही बाजारात जातो, आणि पुढचा प्लॉट आणखी पाण्याजवळ पडतो.

म्हणून नगर परिषदेकडं आणि नगररचना कार्यालयाकडं मागणी करायची तर ही करा: प्रत्येक तळ्याची भरलेली रेषा विकास आराखड्यावर एकदा काढा, जागेवर दगड रोवा, आणि जमीन एनए व्हायच्या आधी काढा. रेषा आधी आली तर जमिनीचा भाव तिच्यानुसार ठरतो. रेषा नंतर आली तर कुणाचं तरी घर जातं.

प्लॉट बघायला निघालात? हे पाच तपासा

१. सातबारा. त्यावर 'पोटखराब वर्ग ब' असं क्षेत्र दिसलं तर थांबा. नाला, तळं, रस्ता अशा सार्वजनिक वापराची जमीन त्यात येते.

२. गाव नकाशा. मोबाईलवर महाभूनकाशा उघडा, गट नंबर टाका. प्लॉटवाल्याच्या रंगीत पत्रकात नसलेला नाला जुन्या नकाशात असतो.

३. तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा. लहान तलाव जिल्हा परिषदेकडं, त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडं किंवा जलसंपदा विभागाकडं असतात. तिथं पूर्ण संचय पातळी आणि संपादनाची हद्द लेखी मागा, माहिती अधिकारात मागितली तरी चालेल.

४. झोन दाखला आणि मंजूर लेआउट. रेरा नंबरही बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला नोंदणी लागते. 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर म्हणजे 'नाही'.

५. शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या आजोबांना विचारा, "बाबा, तळं सांडव्यावरून वाहिलं त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं?" ते काठीनं दाखवतील ती जागा आणि तुमचा प्लॉट, दोन्हींचा फोटो लोकेशनसह काढून ठेवा.

या पाचव्या तपासणीला एक रुपया लागत नाही, आणि कुठल्याही सरासरीपेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे. कारण उपग्रह त्या दिवशी ढगांमुळं काही बघू शकला नसेल, आजोबा मात्र गुडघाभर पाण्यातून म्हशी सोडवायला गेले होते.

पुढच्या भागात सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किती लांब असावा ते बघू. तोवर तुमच्या गावच्या तळ्याची भरलेली रेषा कुठं आहे ते शोधून मला कळवा. भेटू.